कोऱ्या टाकीतले मासे

प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत, कारण थोरली तिथं आधीच होती. थोरली म्हणजे विभागाच्या प्रमुख. त्यांना तोंडावर थोरली म्हणायची कुणाची छाती नव्हती. समोर असल्या की 'बाई', आणि पाठ फिरली की थोरली. धाकटीला मात्र समोर आणि मागे, दोन्हीकडे धाकटीच. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परत आली तरी त्यात फरक पडला नाही. आई झाली म्हणून कुणी बढती देतं असं थोडंच आहे!

घरी ठकी होती. खरं नाव अजून ठरायचं होतं, कारण नवऱ्याला एक पसंत, सासूबाईंना दुसरं, आणि धाकटीला दोन्ही नापसंत. तोवर ठकी. ठकी अंगावर पिणारी, बाटली समोर आणली की तोंड असं घट्ट मिटायची की सासूबाई म्हणायच्या, "ही मोठेपणी वकील होणार. नाही म्हणजे नाही." सकाळी तिला पोटभर पाजून धाकटी निघायची, दुपारी धावत घरी जाऊन पाजून यायची, आणि संध्याकाळी चपला काढायच्या आधीच पोरीला छातीशी घ्यायची. प्रयोगशाळा घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होती म्हणून हे जमत होतं.

आणि प्रयोगशाळेत मासे होते. गोड्या पाण्यातले, बोटाएवढे, दिसायला अगदी साधे. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही असं सांगितलं की लोक हसतात. त्याला प्यायची गरजच नसते. त्याच्या अंगात मीठ जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी. म्हणून पाणी आपणहून कल्ल्यांतून आत शिरतं आणि मीठ बाहेर निसटू बघतं. मासा बिचारा जन्मभर एकीकडे आलेलं पाणी लघवीवाटे बाहेर फेकतो आणि दुसरीकडे जाणारं मीठ धरून ठेवतो. हे सगळं चालवते ती मेंदूच्या तळाशी लोंबणारी, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक ग्रंथी. तिच्यातून एक संप्रेरक रक्तात उतरतं आणि त्याच्या हुकमावर कल्ले मीठ राखतात. ती ग्रंथी काढली की हा मासा गोड्या पाण्यात फुगत जातो आणि मरतो. तोच मासा बेताच्या खारट पाण्यात ठेवला, तर ग्रंथी नसतानाही खुशाल जगतो, कारण आत-बाहेर सारखंच खारट असलं की राखायचं काही उरत नाही.

हेच संप्रेरक बाईच्या अंगात दूध आणतं. निसर्ग मोठा काटकसरी. मिळालेली एक वस्तू तो टाकून देत नाही, दुसऱ्या कामाला लावतो. थोरली हे दर वर्षी वर्गात सांगायच्या आणि मुली दर वर्षी एकमेकींकडे बघून हसायच्या.

धाकटीचा हात फार हलका होता. भुलीच्या पाण्यात मासा निपचित पडला की ती सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा कल्ला अलगद उचलायची आणि काचेच्या बारीक नळीनं ग्रंथी ओढून काढायची. मासे आधी खारट पाण्यात बरे व्हायचे आणि मग गोड्या पाण्याच्या दोन टाक्यांत जायचे. एका टाकीतल्या माशांना रोज संप्रेरकाची सुई, दुसऱ्या टाकीतल्यांना नुसतीच सुई, आत काही नाही. या दुसऱ्यांना तिथं 'कोरे' म्हणत. कोऱ्यांचं काम एकच, मरायचं. ते मेले नाहीत, तर पहिल्या टाकीतले जगले याला काडीचा अर्थ नाही.

म्हणून तिथं एक नियम होता. कोऱ्यांना लांब दांड्याच्या चमच्यानं खाणं टाकायचं आणि पुढं जायचं. त्यांच्यापाशी रेंगाळायचं नाही. थोरली म्हणायच्या, "जीव लावायचा असेल तर घरी मांजर पाळा."

धाकटीनं नियम मोडला तो कोऱ्यांच्या पहिल्याच दिवशी. शस्त्रक्रियेनंतर ते खाईनात. चमच्यानं टाकलेले दाणे तळाशी जाऊन बसले आणि मासे एका कोपऱ्यात घोळक्यानं उभे राहिले. घरी तान्हं मूल ठेवून आलेली बाई ती. न खाणारं लेकरू तिला बघवेना, मग ते खवल्यांचं का असेना. इकडेतिकडे बघून तिनं बाही वर केली आणि दाणे बोटाला लावून हात पाण्यात घातला.

शेपटीला चीर गेलेली एक लहानशी मादी पहिल्यांदा पुढं आली. तिनं दाणा घेतला नाही. तिनं बोटाचं टोक तोंडात धरलं आणि चोखू लागली. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि पाचही बोटांना, मनगटाला मासेच मासे लागले. गुदगुल्या झाल्या म्हणून धाकटीला हसू आलं. पुढच्याच क्षणी छाती दाटून आली आणि पान्हा फुटला. कामाचा कोट समोरून भिजला. दुसऱ्याचं मूल रडलं तरी बाळंतिणीला पान्हा फुटतो, हे तिला ठाऊक होतं. माशांनी चोखल्यावर फुटतो हे तिनं कुठं वाचलं नव्हतं. ती लाजेनं चूर झाली आणि दुसरा कोट घालून आली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पुन्हा हात घातला, आणि तिसऱ्याही.

कोरे मेले नाहीत.

"ग्रंथीचा तुकडा राहिला असणार," थोरली म्हणाल्या. "रजेवरून आलीस, हात बसला नाही अजून."

धाकटीला ते झोंबलं. तिनं एक कोरा मासा मारून उघडला आणि त्याच्या मेंदूचे पातळ काप काचेवर घेतले. थोरलींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिथं ग्रंथी असायला हवी तिथं स्वच्छ खड्डा होता.

"रक्त बघितलंस?"

"बघितलं. मीठ अगदी जागच्या जागी आहे."

"आणि संप्रेरक?"

"माशाचं एक कणही नाही, बाई."

"मग हे जगताहेत कशाच्या जोरावर?" थोरलींनी टाकीकडे पाहिलं. मासे काचेला तोंड लावून उभे होते, सगळे धाकटीच्या बाजूला. थोरली टाकीला वळसा घालून दुसरीकडे गेल्या. एकाही माशानं त्यांच्याकडे तोंड वळवलं नाही.

घरी दूध कमी होऊ लागलं होतं. ठकी आधी घटाघट प्यायची, आता थोडं ओढून सोडून द्यायची आणि थकून झोपायची. धाकटीला काळजी वाटे, पण सासूबाई उडवून लावत. "दूध कमी म्हणतेस, मग पोरीनं बाळसं धरलंय ते काय वाऱ्यावर? बघ तरी कशी लोण्याचा गोळा झालीय! चोरून पाजतेस की काय?" शेजारणी येऊन गाल ओढून जात. नवरा म्हणे, "उचलली की हात भरून येतो माझा." सगळ्यांच्या कौतुकात धाकटीनंही आपलं कौतुक मिसळलं. आईला पोरीचं बाळसं खुपावं तरी कसं?

सुट्टी आली. त्या दिवशी ती प्रयोगशाळेत गेली नाही, आणि ठकी जन्मल्यापासून प्यायली नव्हती इतकी प्यायली. घोट्यांना घट्ट बसू लागलेले पायमोजेही सैल झाले. दुसऱ्या दिवशी कामावर गेली तर कोरे तळाशी पडलेले, पोटं तट्ट फुगलेली, कातडी ताणून चकाकणारी, डोळे खोबणीतून पुढं आलेले. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी त्यांना नियमाप्रमाणे चमच्यानं खाऊ घातलं होतं. धाकटीचा जीव कळवळला. तिनं दाराला कडी घालून दोन्ही हात पाण्यात बुडवले. दुपारपर्यंत पोटं ओसरली आणि मासे नेहमीसारखे पोहू लागले.

संध्याकाळी ती घरी आली, तर ठकी पाळण्यात गुपचूप पडली होती. गाल टमटमीत, पापण्या जड. पायमोजा काढला तर घोट्याभोवती त्याच्या काठाची खोल रेघ उमटलेली. धाकटीनं पावलावर बोट दाबलं आणि उचललं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग तिनं पोरीला खिडकीपाशी उजेडात नेलं. कातडी ताणून चकाकत होती. ती चकाकी तिनं सकाळीच पाहिली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "हे बाळसं नाही. हे पाणी आहे."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रक्तातलं मीठ खूप उतरलंय. आणि अंगात पाणी साठतंय. वरचं पाणी पाजता का फार?"

"थेंबही नाही. माझं दूधच घेते, तेही थोडंसं."

"मग हे पाणी येतंय कुठून?"

न पिता अंगात पाणी येणारा एक प्राणी धाकटीला चांगला माहीत होता. पण डॉक्टरांना ते सांगणार कसं? आधीच ते तिच्याकडे, रात्रीची झोप न झालेल्या आईकडे बघावं, तसं बघत होते. ठकीला शिरेतून खारट पाण्याची बाटली लावली. धाकटी पुन्हा रजा टाकून पोरीच्या उशाशी बसून राहिली, कामाचं नाव काढलं नाही. हळूहळू सूज उतरली, ठकीनं डोळे उघडले, दूध मागितलं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. सासूबाई म्हणाल्या, माझी प्रार्थना लागू पडली. नवरा म्हणाला, दोन्ही. धाकटीनं कुणालाच खोडून काढलं नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता, तिचा मात्र अजून टांगणीलाच होता.

कारण तिला एक शंका खात होती, आणि शंका अशी चमत्कारिक की मोठ्यानं बोलली तर लोक तिलाच औषध द्यायचे. शास्त्र शिकलेल्या माणसाची हीच तर खोड. खात्री करून घेतल्याशिवाय त्याला भीतीसुद्धा नीट वाटत नाही.

त्यातच थोरलींचा फोन आला. "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे, बाई. आता खेळतेय."

"छान. अगं, कोरे परत फुगलेत. आज जातील असं दिसतंय. थोडा वेळ येऊन जा. मला फक्त एकदा बघायचंय, तू हात घातल्यावर काय होतं ते." त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "माझी सगळी वर्षं यात गेली. असलं काही कुणी पाहिलेलं नाही."

म्हणजे थोरलींना कळलं होतं. धाकटीनं ठकीकडे पाहिलं. ठकी सासूबाईंच्या बोटाशी खेळत हसत होती. "जा, जरा मोकळ्या हवेत जाऊन ये," नवरा म्हणाला, "आम्ही आहोत ना." आणि धाकटी गेली. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली, की आपण खात्री करायला गेलो, की बाईंची भीड पडली म्हणून गेलो, की ते उपाशी असतील म्हणून गेलो. तिसरं उत्तर तिला अजिबात आवडायचं नाही.

खोलीत पंप घुरघुरत होते. भर दुपारचं ऊन टाक्यांतून आरपार जात होतं. कोरे तळाशी निपचित होते, पण दार उघडताच ते एकेक करून वळले. फुगलेली अंगं ओढत काचेपाशी आले आणि तोंडं उघडून मिटू लागले. आवाज कसलाही नव्हता. तरी एखाद्या खोलीत खूप लेकरं एकदम रडू लागावीत तसा तिला पान्हा फुटला. थोरली भिंतीला टेकून उभ्या होत्या. धाकटीनं बाही वर केली.

हात बुडताच मासे तुटून पडले. या वेळी तिला ओढ जाणवली. बोटांतून नव्हे, थेट छातीतून, खोल आतून, बाळ ओढतं तशी. चोखता चोखता त्यांची पोटं ओसरताना दिसत होती. थोरली पुढं वाकून बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती सुंदर," त्या पुटपुटल्या.

धाकटीच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. नवरा होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं. "अगं ये, लवकर ये, ठकी परत... एकदम फुगली गं, आत्ता, बघता बघता... डोळे फिरवले तिनं... मीठ देताहेत, पण अंगात राहतच नाहीये म्हणताहेत..."

तिनं हात बाहेर काढला. हिसडा देऊन काढावा लागला, कारण मासे सोडत नव्हते. मग तिनं कपाटातली भुलीच्या औषधाची बाटली उतरवली आणि सगळीच्या सगळी बादलीतल्या पाण्यात ओतली.

"काय करतेस तू?" थोरली ओरडल्या.

"कोऱ्यांचं काम मरायचं. तुम्हीच सांगितलंत ना, बाई?"

"वेडी आहेस का? अगं, हे जगातलं..."

"माझी पोर मरतेय तिकडं!"

थोरलींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे. काय समजायचं ते त्या समजल्या असाव्यात. शिकवणारं माणूस उशिरा का होईना, समजतं. त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

जाळीनं एकेक मासा उचलून धाकटीनं बादलीत टाकला. ते पळाले नाहीत. उलट जाळीकडे आपणहून आले, कारण जाळी धरणारा हात त्यांना ठाऊक होता. बादलीत ते क्षणभर गोल फिरत, कलत, आणि उताणे होत. प्रत्येक माशागणिक तिचा कोट थोडा जास्त भिजला. ती रडत होती आणि मोजत मात्र नव्हती.

शेवटी शेपटीला चीर गेलेली मादी राहिली. ती जाळीत शिरली नाही. जाळीला वळसा घालून ती धाकटीच्या अंगठ्यापाशी आली, तो तोंडात धरला आणि डोळे वर करून स्थिर राहिली. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे तो आपल्याकडे बघतोय की नुसताच आहे हे कधीच कळत नाही. धाकटी वाकून उभी राहिली. बादलीकडे हात जाईना. भिंतीकडेला खारट पाण्याची लहान टाकी होती, नव्या शस्त्रक्रियेसाठी तयार ठेवलेली. खारट पाण्यात हिला ग्रंथी लागत नाही, संप्रेरक लागत नाही, कुणीच लागत नाही. शास्त्र तसं स्पष्ट सांगतं. मग एकीला जगू दिलं तर कुणाचं काय जातंय? धाकटीनं ओंजळ भरली, मादी अलगद उचलली, आणि खारट पाण्यात सोडली. टाकीवर झाकण ठेवून ती निघाली.

जिन्यात थोरली उभ्या होत्या. "सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे," धाकटी म्हणाली.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा नवरा व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून बसला होता, आणि हसत होता, आणि गालांवर पाणी होतं. ठकीनं डोळे उघडले होते. मीठ अंगात राहू लागलं होतं, मघाशी, अचानक. डॉक्टर खांदे उडवत होते. पुढच्या दिवसांत सूज पुरती उतरली. खरी ठकी, मूळची, किरकोळ अंगाची, मोठ्या डोळ्यांची, खालून वर आली. पावलावर बोट दाबलं की कातडी लगेच भरून येई. सासूबाईंनी 'बाळसं' हा शब्दच सोडून दिला. रक्त पुन्हा पुन्हा तपासून झालं आणि डॉक्टरांनी हसून सांगितलं, घरी न्या, ही ठणठणीत आहे.

आणि दूधही परत आलं, भरभरून. घरी आल्यावर धाकटीनं ठकीला उजव्या बाजूला घेतलं. ठकी डोळे मिटून, मुठी आवळून, पोट टम्म होईस्तोवर प्यायली. धाकटीला वाटलं, यापुढं आयुष्यात आपल्याला काही मागायचं नाही. मग तिनं पोरीला डाव्या बाजूला वळवलं. ठकीनं एकदा ओढलं, तोंड बाजूला केलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. दूध तर त्याही बाजूला दाटून यायचं, वेळच्या वेळी.

"असतं एकेका लेकराचं," सासूबाई म्हणाल्या. "एक बाजू आवडते, एक नाही. माझा हाही तसाच होता. पुरतंय ना तिला? मग झालं."

धाकटीनं मान हलवली. त्या न्हाणीघराकडे वळल्यावर तिनं डाव्या बाजूचा एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. तो खारट होता.

तिनं ब्लाऊजची बटणं लावली आणि बसून राहिली. ठकी मांडीवर गाढ झोपली होती, श्वास संथ चालला होता, पावलं गार आणि हलकी होती. कुणी काही विचारलं असतं तरी धाकटीनं मिठाची गुळणीच धरली असती. तिची रजा संपायला अजून वेळ होता. पण दुसऱ्या दिवशी डावी बाजू दुखेपर्यंत दाटली तेव्हा तिनं पोरीला सासूबाईंकडे दिलं, आणि जरा काम आहे म्हणून ती प्रयोगशाळेकडे निघाली.